चामड्याच्या कारखान्याची माती

ऑफिसात फायली साचतात, तसे किस्सेही साचतात. फायली निदान उंदीर तरी खातात! किस्से तसेच राहतात.

शहाद्याबाहेर चामडं कमावण्याचा एक बंद कारखाना होता. साठच्या दशकात तिथं सरकारी क्वार्टर्स बांधायचं ठरलं. कातड्यांना कीड लागू नये म्हणून तिथं वर्षानुवर्षं सोमल हे जहरी विष वापरलेलं. म्हणून आधी माती तपासा, असा वरून हुकूम आला. मी ऑफिसात नकाशे काढायचो. आमचे शिपाई कासमभाई यांना तिथलं पहिलं क्वार्टर मंजूर झालं होतं. ते मला म्हणाले, "भाऊ, मन्हा पोरे तठलंच पाणी पितीन. जरा नीट तपासा."

*

नमुने कुठून घ्यायचे यावर मीटिंग बसली. कातडी जिथं भिजत घालायचे, त्या हौदांपाशी मी नकाशावर खुणा केल्या होत्या.

साहेब चष्मा वर करून म्हणाले, "अहो, तिथली माती घेतली तर रिपोर्ट खराब येईल ना!"

खुणा सरकत सरकत फाटकापाशी आल्या. मीटिंग यशस्वी झाली म्हणून सगळ्यांना भजी मिळाली.

*

खड्डे खणायच्या आधी भूमिपूजन उरकायचं ठरलं. मी विचारलं, "आधी तपासणी नको का?"

"माती कुठं पळून जाते? मुहूर्त पळतो!" साहेब म्हणाले.

पाहुण्यांच्या बुटांना घाण लागू नये म्हणून फाटकापाशी तापीकाठची काळीभोर माती पसरली. ती दिली आत्मारामभाईंनी. मोठे केळीवाले, आणि साहेबांच्या रोजच्या बैठकीतले. दुसऱ्या दिवशी तिथूनच नमुने भरले. मीटिंगमध्ये ठरलंच तसं होतं!

*

रिपोर्ट आला. 'जमीन कापसास उत्तम. शेणखत द्यावे.'

साहेबांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. आत्मारामभाई खुर्चीतच खूश झाले. "मंग! मन्हा वावरनी माटी शे ती! चांगलीच निंघी ना!"

सगळे हसले. मीसुद्धा हसलो असेन.

*

मग मी क्वार्टर्ससाठी खणायच्या विहिरीच्या पाण्याचा विषय काढला.

"हुकूम मातीचा आहे," साहेब म्हणाले. "पाण्याचा कुठंय?"

कासमभाई दारातच उभे होते. त्यांच्या घरमालकानं खोली रिकामी करायला सांगितलेली. क्वार्टर बांधून होताच त्यांनी तिथं सामान हलवलं. मला साहेबांचा तेव्हा जो राग आला, तो ते रिटायर झाले तरी गेला नाही.

*

क्वार्टर्सचं उद्घाटन झालं. फीत कापून साहेबांनी भाषण ठोकलं. "या जमिनीची शास्त्रीय तपासणी झालेली आहे. निश्चिंत राहा!" टाळ्या पडल्या. पेढे वाटले, साहेबांनी दोन खाल्ले.

तेवढ्यात कासमभाईंची बायको जुबेदाभाभी पुढं आल्या. नव्या विहिरीचं पाणी स्टीलच्या पेल्यात काठोकाठ भरून आणलेलं. त्यांनी पेला साहेबांपुढं धरला.

"साहेब, पहिला घोट तुम्हीच ल्या. तुम्हीच तपासेल शे ना!"

साहेबांनी पेल्याकडं पाहिलं. आमच्याकडं पाहिलं. मग रुमालानं ओठाला लागलेला पेढा पुसला आणि म्हणाले,

"आज माझा निर्जळी उपास आहे."