फुटक्या टाक्यांची वॉरंटी

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. धम्मचक्र दिनाची, वसतिगृहाच्या मोर्चाची, भूमिहीनांच्या सभेची. त्या पिवळ्या-गुलाबी कागदांवरच मी अक्षरं जोडायला शिकले. म्हणून कोण, कोणाकडे, काय मागतो हे पहिल्या ओळीत नसलं की मला आजही लिखाण पोकळ वाटतं.

बाबा सेलूत फवारणी पंप दुरुस्त करायचे. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा नागपूरच्या एका कंपनीनं त्यांच्यापुढे भागीदारीचा प्रस्ताव ठेवला. प्लास्टिकच्या टाक्या कंपनी देणार, दांडा-नळी-नोझल बसवायचा कारखाना बाबांचा आणि विक्री गावातल्या हार्डवेअरवाल्या शेटजींची. हंगामाच्या कर्जाला बँकेत जामीन कंपनी राहणार, दरवर्षी ती हमी नवी करून देणार. पंपाच्या तीन महिन्यांच्या वॉरंटीची जबाबदारी मात्र कारखान्याच्या माथी. मी तेव्हा कॉलेजात होते.

"टाकी त्यायची, आन् फुटली तं आपली?" मी बाबांना विचारलं.

"त्यायच्याशिवाय बँक आपल्याले दारात तरी उभी करते का?"

उत्तर खरं होतं. म्हणूनच राग आला.

आमच्याकडे लोक पंप घेतात ते चैत्र-वैशाखात, कापसाचे शेवटचे पैसे हातात आले की. फवारणी सुरू होते पावसाळ्यात. मधले महिने पंप खुंटीला टांगलेला. म्हणून वॉरंटीच्या कार्डावर बाबा शिक्का मारत, पण तारीख टाकत नसत. टाकीत पहिल्यांदा औषध पडलं त्या दिवसाची तारीख. ती शेतकऱ्यानं सांगायची आणि बाबांनी मानायची. वापरलाच नाही त्या पंपाची वॉरंटी कशी संपेल, एवढा साधा विचार.

दोन हजार सालानंतरच्या एका पावसाळ्यात टाक्या बुडाशी चिरू लागल्या. हिंगणीकडचा एक शेतकरी सदरा न घालताच आला. पाठीवरून औषध ओघळून कातडी लाल झाली होती.

"मिस्त्री, हा पंप कापूस फवारते का मले?"

तो हसत होता, पण त्याला भिंतीला पाठ टेकवता येत नव्हती. बाबांनी कारखान्याच्या खर्चानं टाकी बदलून दिली. मग दुसऱ्याला दिली, तिसऱ्याला दिली. चिरलेल्या टाक्यांचा ढीग लागला आणि कंपनीचे साहेब जीपनं आले.

"कार्डावर तारीख नाही," साहेब म्हणाले. "म्हणजे बिलाची तारीख धरायची. तीन महिने केव्हाच संपलेत. यातली एकही टाकी वॉरंटीत बसत नाही."

"वापर आत्ता सुरू झाला, साहेब," बाबा म्हणाले.

"असं चालत नसतं. एवढा बोजा हिशेबात दिसला, तर आमची कंपनी पुढच्या कर्जाला जामीन राहणार नाही. वॉरंटी बिलापासूनच, एवढं लिहून द्या. हमी मी नवी करून देतो."

"आन् टाकी तुमची खराब होती, हे कोन लिहून देते?" ढिगाशी उभ्या शेटजींनी विचारलं.

"करारात काय आहे ते वाचा, शेटजी. सही तुमचीही आहे." आठवडाभरात कळवा म्हणून साहेब निघून गेले.

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. कंपनीच्या मुजोरीचा जाहीर निषेध. शेटजींच्या दुकानात जाऊन मी ते खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. बाबा स्टुलावर बसले होते. शेटजी खिळे तोलत होते.

"भाषा करारी हाय, पोरी. पन हिंगणीवाला हे वाचून काय करन?"

"त्याले कंपनी कशी हाय ते कळन."

"ते त्याच्या पाठीले कळलं. टाकी कुठं बदलून भेटन, ते लिह्य नं."

मला झोंबलं. पण मी तिथून हलले नाही. "म्हनजे तुमी साहेबाले लिहून देत नाई?"

शेटजींनी तराजू खाली ठेवला. कंपनीनं हमी काढून घेतली की बँक त्यांचंच दुकान तारण मागणार होती. सेलूत बँकेला चालेल अशी दुसरी मालमत्ता आम्हा कोणाकडे नव्हती.

"दुकान माह्या बापानं मांडलं," ते बाबांकडे बघून म्हणाले. "ते टाकू म्हनता बँकेत. कोनासाठी? गिऱ्हाइकासाठी. तेच गिऱ्हाईक उद्या आर्वीले स्वस्त भेटला तं तिथून पंप आनन."

"आनन," बाबा म्हणाले. "पन चिरला तं आपल्याकडेच येईन."

"म्हनजे मरेपर्यंत सुटका नाई."

"नाई जी."

शेटजी हसले. खिळ्यांची पुडी बांधून त्यांनी दोरा तोडला. "लिह्य पोरी. माह्या दुकानाचं नाव वरते टाक. मोठ्ठं."

नव्या पत्रकाची पहिली ओळ होती: चिरलेली टाकी आणा, नवी न्या, पहिली फवारणी केव्हा केली ते तोंडी सांगा. त्यात निषेधाचा एकही शब्द नव्हता. मी लिहिलेलं सगळ्यात जहाल पत्रक तेच. ते वाटलं की साहेबांना काही लिहून देण्याचा रस्ताच बंद होणार, हे आम्हा तिघांना ठाऊक होतं. बाजाराच्या दिवशी मी ते माझ्या हातानं वाटलं.

लोक सायकलवर टाक्या बांधून आले, एसटीच्या टपावर टाकून आले. एकानं तर जुनाट पितळी पंप आणला.

"हा माह्या लग्नाच्या आधीचा हाय बावा!" बाबा म्हणाले, आणि त्याला चहा पाजून परत पाठवलं.

कंपनीनं पुढच्या हंगामाची हमी दिली नाही. उचललेल्या कर्जातून तिला अंग काढता येणार नाही, हे बँकेनं तिला ठणकावलं. पण नव्या कर्जासाठी शेटजींच्या दुकानाचे कागद मागितले. आम्ही तिघं बँकेत गेलो.

"शेटजी, फुटक्या टाक्यांपायी दुकान अडकवता?" मॅनेजर म्हणाले. "घरी विचारलंत का?"

"विचारलं जी. बायको म्हने, पत्रकावर नाव छापून गावभर वाटलं, आन् आता काऊन विचारून राह्यले?"

मॅनेजरांनी कागद पुढे सरकवले. आधी शेटजींनी सही केली, खाली बाबांनी.