डोंगराच्या पोटात खाण

आमच्या न्हाणीघरात एक जागृत ज्वालामुखी होता आणि त्याच्या उतारावर बुटक्यांचं गाव वसलेलं होतं. न्हाणीघर जपानमधल्या, ग्योतोकुच्या फ्लॅटमधलं, टब जेमतेम दोघी मावतील एवढा. जपानी रीतीप्रमाणे आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं आणि मग गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसून राहायचं. माझी लेक तेव्हा पाच वर्षांची होती आणि बसून राहणं हा प्रकार तिला ठाऊक नव्हता. तिला पाण्यात धरून ठेवायला म्हणून मी रोज संध्याकाळी हे गाव रचायला घेतलं.

बुटकेच का, तर मी स्वतः बुटकी आहे. नवरा जपानी असूनही ताडमाड उंच, पण लेक माझ्यावर गेली. योचिएनमध्ये, म्हणजे बालवाडीत, उंचीप्रमाणे रांग लावत तेव्हा ती कायम सगळ्यांत पुढे उभी असायची. उंच माणसांच्या गोष्टी सांगायला जगात पुष्कळ लोक आहेत, आपण आपल्यांच्या सांगाव्यात, असं मी ठरवलं. माझे बुटके दाढीवाले, कामसू आणि नाकावर राग असलेले होते. जमीन मुळातच तापलेली, त्यामुळे हिवाळ्यात त्यांना हीटर लागत नसे. कचऱ्याचं वर्गीकरणही करावं लागत नसे. जळणारा, न जळणारा, सगळा कचरा ज्वालामुखीच्या तोंडात टाकला की झालं. हे मी शेजारणीवरचा राग काढायला घातलं होतं, कारण चुकीच्या वारी ठेवलेली माझी कचऱ्याची पिशवी ती गोड हसून परत माझ्याच दारात आणून ठेवायची.

गोष्टीची सुरुवात ठरलेली होती. डोंगराच्या पोटात होती एक खाण. सकाळी भोंगा वाजला की सगळे बुटके कुदळी आणि टोपल्या घेऊन त्या खाणीकडे निघत. मग कधी ज्वालामुखी गुरगुरायचा, कधी आग ओकायचा, आणि बुटके दाढ्या सांभाळत पळायचे.

मी सांगायची मराठीत आणि लेक प्रश्न विचारायची जपानीत. नव्वदच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्या आसपास दुसरं मराठी घर मला माहीत नव्हतं. तिच्या जगात मराठी बोलणारं माणूस म्हणजे एकटी मी, आणि एका माणसासाठी अख्खी भाषा बोलायची तिला गरज वाटत नसावी. मला ते फार लागायचं. मला वाईट वाटलं की मी चिडते, आणि मी चिडले की ती जपानीत 'गोमेन', म्हणजे 'सॉरी', म्हणायची. त्यानं आणखीच वाईट वाटायचं.

मे महिन्यात योचिएनच्या बाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. मुलगी वर्गात तोंडच उघडत नाही, म्हणाल्या. दोन भाषांमुळे तिचा गोंधळ होत असावा, तेव्हा काही दिवस घरात फक्त जपानी बोलून बघता का, असं त्यांनी फार अदबीनं सुचवलं. बाई मनानं चांगल्या होत्या, त्यामुळे भांडताही येईना. नवरा म्हणाला, उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत करून बघू. मी मान डोलावली आणि घरी येऊन भांडी आपटली. रागावलीस का, असं त्यानं विचारलं तेव्हा नाही म्हणाले. खरं तर मी घाबरले होते. एकदा बंद केलेली भाषा सुट्टी लागल्यावर आपली आपण परत येत नाही. माझी मुलगी जन्मभर माझ्याशी परक्या भाषेत बोलत राहणार, हे मला त्या दिवशी स्पष्ट दिसलं.

दुसऱ्या दिवशी टबात बसून मी बुटक्यांना जपानी बोलायला लावलं. माझी जपानी ऑफिसात शिकलेली, त्यामुळे ते बिचारे एकमेकांना वाकून नमस्कार करत, खाली उतरण्याची परवानगी मागत सुटले. खाणीला मी 'कोझान' म्हटलं. कोझान म्हणजे काय, लेकीनं विचारलं. मी सांगितलं की जिथून दगड, सोनं खणून काढतात ती जागा.

ती माझ्याकडे बघतच राहिली. दगड कुठून आले, तिनं विचारलं. डोंगराच्या पोटात तर खाणं आहे ना?

मग तिनं मला माझीच गोष्ट सांगितली, जपानीत, न थांबता. त्या डोंगराला तोंड होतं आणि पोट होतं. तो जागा होता. त्याच्या तोंडात सगळे कचरा टाकत, त्यामुळे पोटात नको ते खाणं साठलं होतं. बुटके बिचारे रोज आत उतरून टोपल्या भरभरून ते बाहेर काढत. ज्या दिवशी काम पुरं होत नसे त्या दिवशी डोंगर ओकत असे. ओकणं तिला चांगलंच ठाऊक होतं, बसमध्ये बसली की तिला उलटी व्हायचीच.

मी इतकी हसले की पाणी टबाबाहेर गेलं. मग एकदम हसू थांबलं. ही चूक जपानीत करताच येत नाही. कोझान ऐकून कोणाला जेवण आठवत नाही. खाण आणि खाणं, पोट, तोंड, ओकणं, यांचा असा घोळ घालायला आतून मराठीच लागते. इतके महिने ती एकेक शब्द धरून ठेवत होती, जोडत होती, त्याच्यावर विचार करत होती. आणि मी समजत होते की तिच्या कानांवरून सगळं वाहून जातंय.

जेवताना मी हे नवऱ्याला सांगितलं. त्यानं माझ्याकडून खाण आणि खाणं, खाण आणि खाणं, असं किती वेळा म्हणवून घेतलं, पण त्याला फरक ऐकू येईना. लेक मात्र त्याची चूक काढत होती. त्यानं चॉपस्टिक्स खाली ठेवल्या आणि म्हणाला, बाईंशी मी बोलतो. सकाळी ऑफिसला उशीर करून तो योचिएनमध्ये गेला. त्याच्या कंपनीत तेव्हा असं कोणी करत नसे. मुलगी गोंधळलेली नाही, ती दोन्हीकडचं ऐकून घेते आहे, आम्ही मराठी चालू ठेवणार, असं त्यानं सांगितलं. बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, मग मीही थांबते, बोलेल तेव्हा बोलेल.

त्या संध्याकाळी मी पुन्हा मराठीत सुरुवात केली. खाण काढून टाकली. बुटक्यांना कुदळी घरीच ठेवायला लावल्या. म्हटलं, आज सकाळपासून डोंगराचं पोट फार दुखतंय, आणि काय करावं ते कोणालाच सुचत नाहीये. इथे मी थांबले, कारण मलाही पुढचं सुचत नव्हतं.

लेकीनं डोक्यावरचा ओला टॉवेल काढून पाण्यात बुडवला आणि कपाळाला आठ्या घालून बसली. मी गप्प राहिले, आणि गप्प राहणं मला किती जड जातं ते माझ्या घरच्यांना विचारावं.

"आई," ती म्हणाली, "त्याला मऊ भात दे."

मराठीत. अख्खं वाक्य, माझ्याकडे बघून.

"तूप घालू?" मी विचारलं.

"थोडंच," ती म्हणाली. "पोट दुखतंय ना."