आक्काचा आवाज, फक्त आमच्या गाडीत

आधीच सांगून टाकतो — या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचतो, करमणूक म्हणून. अंगात येणं, सावल्या दिसणं, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही कुणी भूत म्हटलं की मला हसू येतं. माझ्या गोष्टीत भूत नाहीच. एक जुनी हॅचबॅक गाडी आहे, तिच्यात मी स्वतःच्या हातांनी बसवलेले स्पीकर आहेत आणि माझी आई आहे.

आम्ही मूळचे नांदेडकडचे, पण आजोबांपासून हैदराबादेत. माझं बालपण अंबरपेठेत गेलं, आता कुकटपल्लीत फ्लॅट आहे. घरात आई, मी, माझी बायको केतकी — ही पुण्याची — आणि मुलगी सानिका.

काही वर्षांपूर्वी आईला मोठा ताप आला आणि त्यात तिचे दोन्ही कान गेले. कमी ऐकू येतं असं नव्हे... काहीच नाही. मशीन लावून पाहिलं, उपयोग शून्य. डॉक्टर म्हणाले, नसच गेली. आमचे ओठ बघून ती बोलणं ओळखते, अडलं तर आम्ही फोनवर लिहून दाखवतो. माझं शिक्षण तेलुगू आणि इंग्लिशमध्ये झालेलं, त्यामुळे माझं मराठी वाचून तिची करमणूक होते ती वेगळीच.

घरात निभत होतं. पण नांदेडला तिची मोठी बहीण होती, आक्कामावशी. आक्का अंथरुणाला खिळलेली आणि मधुमेहाने तिची नजर गेलेली. म्हणजे बघा — एकीला ऐकू येत नाही, दुसरीला दिसत नाही. व्हिडिओ कॉल लावला तर आक्काच्या तोंडात दात नाहीत, ओठांवरून आईला काही उमगायचं नाही. दोघी रडायच्या आणि कॉल संपायचा. शेवटी आईने आक्काचा फोन घेणंच सोडलं. विषय काढला की उठून आत जायची.

आता गाडीचं. मला गाण्याची फार हौस, आणि गाडीतले मूळचे स्पीकर म्हणजे पत्र्याचा डबा. इथल्या कोठी बाजारात गाड्यांच्या ऑडिओ सामानाचं एक दुकान आहे. तिथल्या रशीदभाईंनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं, "साब, पैले दरवाजा भरो, स्पीकर बाद में. खाली डब्बे में कित्ता बी अच्छा स्पीकर डालो, डब्बाच बजता."

ते फिटिंग करून देणार होते, पण मी म्हटलं नक्को, मीच करतो. सुट्टीच्या दिवसांत बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बसून मी चारही दारं उघडली, आतून रबराचे जाड शीट चिकटवले, नव्या वायरी ओढल्या, पुढच्या दारांत मोठे स्पीकर आणि आरशांजवळ बारीक आवाजासाठी छोटे ट्वीटर बसवले, सीटखाली अँप्लिफायर ठेवला. येणारेजाणारे विचारायचे, "मेकॅनिक कोण आहे?" केतकी बाल्कनीतून ओरडायची, "अरे, ती दारं परत बसणार आहेत ना?"

बसली. एकही स्क्रू उरला नाही. आणि आवाज... काय सांगू! तबल्यावर बोट घासलेलं ऐकू येत होतं. त्या दिवशी मी लिफ्टमध्ये भेटेल त्याला खाली नेऊन गाणं ऐकवलं.

पुढच्या रविवारी आम्ही अंबरपेठेला चुलतभावाकडे जेवायला निघालो. आई पुढे माझ्या शेजारी, केतकी आणि सानिका मागे. गाणं चालू होतं. आई खिडकीबाहेर बघत होती, तिला त्याचं काहीच नाही. तेवढ्यात माझा फोन वाजला. नांदेडहून दिलीपदादा, आक्काचा मुलगा. कॉल गाडीच्या स्पीकरवर आला. दादा म्हणाला, "आईला तुझ्याशी बोलायचंय," आणि आक्काचा आवाज आला.

"बाळू, सुमी कशी आहे रे?"

मी उत्तर देणार, तोच शेजारून आई म्हणाली, "मी बरी आहे आक्का. तू काय करालीस?"

मी गाडी बाजूला घेतली. घेतली म्हणजे काय, आपोआप थांबलीच.

मग आक्का म्हणाली, "सुमे, तुला ऐकू आलं?"

"आलं की. तुझा घसा बसलाय. सर्दी झाली का?"

"सर्दी ऱ्हाऊ दे. माझी जांभळी साडी तुझ्याकडंच आहे ना?"

"तूच दिली होतीस गं मला!"

"नेसायला दिली होती, ठेवायला नाही!"

आणि दोघी हसत सुटल्या. माझ्या अंगावर काटा आला तो या हसण्याने नाही. बहिरी झाल्यापासून आई फार मोठ्याने बोलते, तिला तिचा आवाज कळत नाही. पण त्या क्षणी ती हळू बोलत होती. माझ्या लहानपणी स्वयंपाकघरातून यायचा तोच मऊ आवाज. तो मी विसरूनही गेलो होतो. मागे केतकी रडत होती. जेवायला पोचलो तेव्हा भाजी गार झाली होती.

घरी आलो आणि तोच फोन आईच्या कानाला लावला. काही नाही. परत गाडीत नेलं — ऐकू येत होतं. गाडीत गाणं लावलं, तर तिला फक्त दार थरथरतंय एवढंच कळे. माझ्या बहिणीला बेंगळुरूहून कॉल करायला लावला, तर नाही. मग मी आक्काचंच बोलणं रेकॉर्ड करून त्याच स्पीकरवर लावलं. आई नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पलीकडे आक्का प्रत्यक्ष बोलत असेल, आणि आई आमच्या गाडीत असेल, तरच. मित्राच्या भारी गाडीत बसवून पाहिलं, तिथेही नाही.

कोठीच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पुन्हा तपासणी केली, दोन्ही कान पूर्वीसारखेच. माझं बोलणं ऐकून ते हसले, पण भला माणूस, दवाखाना आटोपून खाली आले आणि मागच्या सीटवर बसले. मी आक्काला फोन लावला, तसं ते मला म्हणाले, आवाज कमी करत जा. मी कमी करत गेलो. इतका, की मलाच आक्का ऐकू येईना. आई मात्र बोलतच होती, "हो... हो गं... मेथी मी अशीच करते." आवाज पूर्ण बंद केला, तेव्हा म्हणाली, "फोन कटला वाटतं."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "मी कागदावर काय लिहून देऊ तुम्हाला?" म्हणाले, आणि फी घेतली नाही.

रशीदभाईंना सांगितलं तर ते दोन्ही कानांना हात लावून म्हणाले, "साब, ये चीज मैं नै बेचा."

मग आमचा रिवाजच पडला. रविवारी सकाळी आई चांगली साडी नेसून, केसांत फूल माळून खाली यायची आणि पुढच्या सीटवर बसायची. मी आक्काला फोन लावून द्यायचो आणि बाहेर उभा राहायचो. काचेतून आईचं हसणं दिसायचं. वॉचमन विचारायचा, "अम्मा एक्कडिकि?" — आई कुठे निघाली? मी सांगायचो, नांदेडला.

आक्का गेल्या हिवाळ्यात गेली. शांतपणे, झोपेत. आदल्या रविवारी दोघी पोटभर बोलल्या होत्या. साडीचं भांडण मिटलं नव्हतं, असं आई सांगते. त्यानंतर गाडीत मी सगळ्यांचे कॉल लावून पाहिले. दिलीपदादाचा, त्याच्या मुलीचा, कुणाकुणाचा. आईला काहीच ऐकू येत नाही.

एक इंजिनियर मित्र म्हणतो, एखादी फ्रिक्वेन्सी शिल्लक असेल. मग रेकॉर्डिंग का नाही? दुसरा म्हणतो, मनाचे खेळ. असतील, पण आक्का तेव्हा खरंच मेथीचं सांगत होती, तिनेच नंतर सांगितलं; मग मनाला ते कसं ऐकू आलं? मी स्वतः दारं पुन्हा उघडून पाहिली आहेत. आत रबर, वायर आणि स्पीकर, बाकी काही नाही. हे काय होतं ते मला माहीत नाही, आणि आता कळेल असंही वाटत नाही.

तेराव्याला आम्ही गाडी घेऊनच नांदेडला गेलो. गोडाचं जेवण झाल्यावर पुरुषमंडळी गाडीभोवती जमली. दिलीपदादाने सगळ्यांना सांगून ठेवलंच होतं. कुणी दार ठोकून बघत होतं, कुणी सीटखाली वाकून. दादाच्या सासऱ्यांनी मला विचारलं, "स्पीकर कोणत्या कंपनीचे?"

आईने त्यांचे ओठ वाचले. मला बोलूही दिलं नाही.

"कंपनीचं काय घेऊन बसलात?" तिच्या त्या मोठ्या आवाजाने अख्खी गल्ली वळली. "माझ्या लेकानं बसवलेत! त्याच्या हातानं!"

मग ती पुढच्या सीटवर जाऊन बसली, तळवा दारावर ठेवला आणि मला म्हणाली, "लाव एखादं भजन. जोरात लाव. ऐकू दे सगळ्यांना."