परक्या किल्ल्यातलं गाऱ्हाणं

बळवंत पेडणेकरांनी आयुष्यात मोठ्या आवाजात दोनच शब्द म्हटले, आणि तेही दुसऱ्याच्या वाक्याच्या शेवटी. ते शब्द म्हणजे ‘व्हय म्हाराजा’.

कोकणातल्या घरात कुठलंही काम काढायचं तर आधी देवाला आणि त्या जागेच्या राखणदाराला सांगावं लागतं. नारळ ठेवायचा, घरातल्या वडीलधाऱ्याने हात जोडून उभं राहायचं आणि कोण आलंय, कशासाठी आलंय, काय चुकलंमाकलं असेल, ते सगळं खणखणीत आवाजात देवाच्या कानावर घालायचं. याला गाऱ्हाणं म्हणतात. मागे उभ्या असलेल्यांनी प्रत्येक मागणीनंतर एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. पेडणेकरांच्या घरात गाऱ्हाणं घालायचे ते थोरले धोंडीराम, आणि मागे उभे राहायचे ते धाकटे बळवंत. इतकी वर्षं हे असं चाललं की आपल्यालाही कधी पुढे उभं राहावं लागेल, हे बळवंतांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बळवंत महानगरपालिकेत चावीवाले होते. रस्त्यावरचं लोखंडी झाकण उचलायचं, लांब दांड्याची चावी आत घालून फिरवायची, की त्या गल्लीत पाणी यायचं. घाटकोपरच्या भटवाडीत त्यांना न ओळखणारं माणूस नव्हतं, पण त्यांचा आवाज ऐकलेली माणसं मोजकीच. पाणी कमी आलं की बायका चौकातच त्यांच्यावर तोंडसुख घ्यायच्या. हे मान खाली घालून ऐकून घ्यायचे आणि चावी आणखी अर्धा फेरा फिरवायचे. त्यांची बायको सुगंधा म्हणायची, ‘ह्यांच्याशी भांडूचा म्हणजे भिताडार डोका आपटूचा.’

धोंडीराम याच्या बरोबर उलट. लोअर परळच्या गिरणीत साच्यांच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळे घरातही साखर मागायची तर चाळीला ऐकू जाई. संपात गिरणी गेली आणि ठरत आलेलं लग्नही गेलं. पुढे माहुलच्या बाजूला एका रंगाच्या कंपनीत गोदामावर चिकटले, धाकट्या भावाच्या घरातच राहिले आणि त्याच्या पोराला, परेशला, खांद्यावर घेऊन मोठं केलं. परेश त्यांना आबा म्हणायचा, बळवंत दादा.

आबांचं गाऱ्हाणं हा चाळीतला बघण्यासारखा कार्यक्रम असे. पहिला रंगीत टीव्ही आला तेव्हा त्यांनी त्याच्यासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, आणि वेंगुर्ल्याच्या वेशीवरच्या देवापासून छपरावरच्या अँटेनापर्यंत सगळ्यांना त्यात ओवलं. परेशची दहावी, बळवंतांची नोकरी कायम होणं, चाळीची बिल्डिंग झाली तेव्हाचा गृहप्रवेश, मुलुंडच्या हेमांगीला सून करून आणली तो दिवस, काहीही असो, शेवटी एक मागणी ठरलेली. आबा बळवंतांकडे न बघता आवाज जरा खाली आणायचे आणि म्हणायचे, ‘माझो ह्यो धाकटो भाव तोंडान मुको आसा, पण मनान साफ आसा. तेका जरा सांभाळून घे रे म्हाराजा.’ सगळे हसत. बळवंतही हसत, आणि स्वतःसाठीच्या त्या मागणीवर स्वतःच ‘व्हय म्हाराजा’ म्हणत. आपल्यासाठी कुणीतरी दरवेळी न चुकता मागतंय, याचं सुख काय असतं ते मागणारा गेल्यावर कळतं.

आबांना वेड होतं ते एका किल्ल्याचं. रंगाच्या कंपनीने एका वर्षी परदेशी किल्ल्यांचं कॅलेंडर वाटलं होतं. त्यातलं एक पान, डोंगरावर पांढरा किल्ला आणि खाली नदी, आबांनी वर्ष संपल्यावर तारखा कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं. किल्ला कुठला ते कुणालाच माहीत नव्हतं. चाळीतून बिल्डिंगमध्ये जाताना अर्धं सामान भंगारात गेलं, पण ते पान जपून नव्या भिंतीवर आलं. उदबत्तीच्या धुराने त्याच्या भिंती हळूहळू पिवळ्या पडल्या. संध्याकाळी दिवा लावताना आबा म्हणायचे, ‘ह्यो किल्लो एकदा बघूक व्हयो रे बळ्या.’ बळवंत मान हलवायचे. वेंगुर्ल्याला जायचं तर रजेचे वांधे, तिथे हा किल्ला कोण दाखवणार.

पण परेशने ते मनावर घेतलं. त्याने मोबाइलवर त्या चित्राचा फोटो काढून शोधलं आणि एका रविवारी जाहीर केलं, ‘आबा, तुमचा किल्ला सापडला. ऑस्ट्रियात आहे, साल्झबुर्ग. मे महिन्यात आपण सगळे जातोय. व्हिएन्ना, प्राग आणि मग तुमचा किल्ला.’ आबांनी त्या दिवशी बिल्डिंगच्या वॉचमनपासून मासेवालीपर्यंत प्रत्येकाला गाठून ही बातमी सांगितली. लगेच पासपोर्टचे फोटो काढले. त्या फोटोत ते इतके गंभीर दिसत होते की सुगंधा म्हणाली, ‘भावजी, किल्लो बघूक जातास की जिंकूक?’

दिवाळीनंतर, नेहमीसारखी दुपारची वामकुक्षी करायला आडवे झाले ते आबा उठलेच नाहीत.

जायचं की नाही, यावर घरात फार बोलणं झालं नाही. परेश एवढंच म्हणाला, ‘आबांचा किल्ला आहे. जायचंच.’ बळवंतांनी मान हलवली.

निघायच्या सकाळी बॅगा दाराशी लागल्या. सुगंधाने देवापुढे नारळ ठेवला आणि सगळे मागे ओळीने उभे राहिले. बळवंतही सवयीने त्यांच्यात जाऊन उभे राहिले. पुढची जागा रिकामी. मग सुगंधाने त्यांना कोपराने ढोसलं, तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते पुढे गेले, हात जोडले. शब्द पाठ होते, पण डोक्यात ते आबांच्या आवाजात होते, आणि स्वतःच्या आवाजात ते बाहेर निघेनात. ‘चला,’ शेवटी ते पुटपुटले, ‘टॅक्सी ईली असतली.’ नारळ तसाच राहिला. परेशला काही वाटलं नाही. सुगंधाला वाटलं, पण तिने नुसती बॅग उचलली.

बळवंतांच्या मनाने मात्र घेतलं. न सांगता घर सोडलं, न सांगता समुद्र ओलांडला. व्हिएन्नाला उतरल्यावर एक बॅग दुसऱ्या दिवशी आली, तेव्हा त्यांनी मनात नोंद केली. राजवाड्याच्या बागेत सुगंधाचा पाय मुरगळला. प्रागच्या बसमध्ये नातीला, निधीला, उलट्या झाल्या. प्रवासात सगळ्यांनाच होतं असं हे, पण बळवंतांना प्रत्येक वेळी देव्हाऱ्यापुढचा तो न फुटलेला नारळ दिसायचा. हा सगळा आपल्या मुकेपणाचा दोष, असं त्यांना वाटत राहिलं आणि ते कुणाला सांगायचं तर पुन्हा तोंड उघडायला हवं.

बाकी सहल झकास चालली होती. परेशने घरं भाड्याने घेतली होती, त्यामुळे सुगंधाने व्हिएन्नाच्या स्वयंपाकघरात कुळथाची पिठी रटरटवली आणि चौघांनी ओरपून खाल्ली. पाचव्या माणसाने, म्हणजे निधीने, ब्रेड खाल्ला. हेमांगी चर्चच्या खिडक्यांतल्या रंगीत काचा बघून हरखली. आणि प्रत्येक ठिकाणी काही ना काही बघून कुणीतरी म्हणायचंच, ‘आबा असते तर.’

प्रागच्या किल्ल्याच्या दारावर दोन बाजूंना दगडी राक्षस आहेत, खाली पडलेल्या माणसांवर शस्त्र उगारलेले. लोक त्यांच्याखाली उभे राहून फोटो काढत होते. बळवंतांनी टोपी काढली आणि त्यांना हात जोडले. एवढे दोन राखणदार दाराशी उभे असताना त्यांना न विचारता आत शिरायचं, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. ओठ हलले, आवाज मात्र निघाला नाही. मागून येणारी माणसं त्यांना वळसा घालून जाऊ लागली.

‘बाबा, चला ना, लोक बघतायत,’ परेशने त्यांचा दंड धरला. ‘काय करताय तुम्ही?’

‘काय नाय.’

‘परेश, तू गप ना जरा,’ हेमांगी म्हणाली. बळवंतांनी टोपी घातली आणि सगळ्यांच्या मागून आत गेले. त्या किल्ल्यात त्यांनी काय पाहिलं, ते त्यांना आजही आठवत नाही.

साल्झबुर्गला पोहोचले तेव्हा सकाळचं कोवळं ऊन होतं. पुलावर येताच सगळ्यांचे पाय आपोआप थांबले. डोंगरावर तो होता. तेच बुरूज, तीच लांबलचक तटबंदी. फक्त भिंती पांढऱ्या होत्या, घरातल्या चित्रासारख्या पिवळट नाहीत, आणि चित्रातली निळी नदी इथे मातकट हिरवी वाहत होती. सुगंधाने पदर डोळ्यांना लावला. ‘भावजी हय मोठ्यान बोंबाललेच असते,’ ती म्हणाली. निधीला हसू आलं. परेश फोटो काढायला मोबाइल वर करून उभा होता, पण फोटो काही काढत नव्हता.

वर जायला डोंगराला लागून चढणारी छोटी गाडी आहे. त्या गाडीने ते किल्ल्यात पोहोचले आणि आतल्या चौकात आले. तिथे झाडाच्या सावलीजवळ दगडी बांधणीची पाण्याची जुनी टाकी होती. आयुष्य पाण्याच्या मागे गेलेला माणूस, बळवंतांचे पाय तिकडेच वळले. त्यांनी टाकीच्या कठड्यावर हात ठेवला. दगड गार होता.

‘बाबा, आधी वर जाऊ, गर्दी वाढायच्या आत,’ परेश म्हणाला.

‘थांब.’

परेश थांबला. बळवंत कधी कुणाला थांब म्हणत नसत. त्यांनी टोपी काढून टाकीवर ठेवली, हात जोडले आणि डोळे मिटले. इथेही आपल्याला जमलं नाही तर दादा घरी त्या चित्रापुढेच राहिला, आपण त्याला इथवर आणलंच नाही, असं त्यांना वाटलं.

‘बा देवा म्हाराजा,’ आवाज फाटका निघाला, पण निघाला. ‘ह्या किल्ल्याच्या राखणदारा. तुझा नाव माका ठावक नाय, नि माझा तुका ठावक नसतला. आमी घाटकोपरसून ईलो हव. मूळचे वेंगुर्ल्याचे. तुका न सांगता आत ईलो, ता पदरात घे रे म्हाराजा.’

ते थांबले. गाऱ्हाण्यात इथे थांबायचं असतं. चौकात कुठल्या कुठल्या भाषांची कुजबुज चालली होती, पाठीमागे मात्र सगळं शांत. ती शांतता बळवंतांना सोसवेना, आणि जन्मभराच्या सवयीने त्यांच्याच तोंडून निघून गेलं, ‘व्हय म्हाराजा.’

मागून सुगंधाचं हसू ऐकू आलं. हसता हसता ती रडतही होती. ‘अवो,’ ती म्हणाली, ‘ता आमी म्हणाचा. तुमी फुडे चला.’

बळवंतांचे कान तापले. पण तिने ‘फुडे चला’ म्हटलं होतं आणि आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

‘घराकडे नारळ तसोच ठेवन ईलो, ती माझी चूक, पोरांची नाय. वाटेर काय वाकडानाकडा झाला आसात ता सरळ कर, नि सगळ्यांका धडधाकट घरी पोचव रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा,’ सुगंधा म्हणाली. हेमांगीनेही म्हटलं आणि तिचं ऐकून निधीने. परेशचा आवाज त्यात नव्हता. दोन-चार परदेशी माणसं थबकून बघत होती. एका म्हाताऱ्याने, काय समजला कोण जाणे, आपली हॅट काढून हातात घेतली.

आता एकच मागणी राहिली होती. बळवंतांनी सुरुवात केली आणि अडले. पुन्हा सुरुवात केली.

‘माझो दादा, धोंडीराम, तुका बघूक येवचो होतो. तुझो फोटो आमच्या देवाशेजारी आसा, तेनाच लावलो. दिवो लावताना तुका बघी. तो ईलो नाय. तेच्या वाटणीचा दर्शन आमी घेतव.’ त्यांनी आवाज जरा खाली आणला. ‘माझो ह्यो थोरलो भाव तोंडान मोठो आसा, पण मनान साफ आसा. खय आसात थय तेका जरा सांभाळून घे रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा.’

एकट्या परेशचा आवाज. मोठा, खणखणीत, भटवाडीच्या चाळीत या टोकापासून त्या टोकाला जाईल असा. चौकातली कबुतरं उडाली. सवयीने बळवंतांचेही ओठ हलले होते, पण या वेळी त्यांनी ते शब्द परेशला म्हणू दिले.