बोडीवरची बंदी

तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, गोंदियाला लागून असलेल्या मुर्री गावातल्या एका घराच्या मागच्या खोलीतून, तांदळाच्या पोत्यांच्या शेजारी बसून, या देशाचे परराष्ट्र संबंध बिघडवण्यात आले. बिघडवणारे दोघे. एक मी आणि दुसरे माझे मास्तर मित्र, ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात. नागरिकांनी शांतता राखावी. कुणीही गाव सोडून कोहमाऱ्याच्या दिशेनं पळून जाऊ नये.

आता सविस्तर सांगतो.

गोंदियात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लोकांनी भंगारात काढलेल्या मशिनींमधला एकेक चांगला अवयव काढून मी एक सर्व्हर जुळवला आणि त्यावर आमचं स्वतःचं समाजमाध्यम सुरू केलं. नाव ठेवलं 'बोडी'. धानाला पाणी द्यायला शेतात जे लहानसं तळं खोदतात, ती आमच्याकडची बोडी. मोठ्या कंपन्यांचं समाजमाध्यम म्हणजे एकच अजस्र धरण. दरवाजे कधी उघडायचे ते कंपनी ठरवणार. आमच्या दुनियेत ज्यानं त्यानं आपली बोडी खोदायची आणि पाट काढून दुसऱ्यांच्या बोडीला जोडायची. मुर्रीत लिहिलेलं समुद्रापलीकडे पोचतं, तिकडचं वाहत इकडे येतं. सगळ्यांचा मालक असा कुणीच नाही.

बोडीवर माणसं मूठभर. धान करणारे आहेत, कॉलेजातले आहेत, एक रेल्वेतले आहेत. झाडीबोलीत एकमेकांना टोमणे मारणं हा मुख्य व्यवसाय. कुणाचा प्रोग्रॅम बिघडला की "काय करून ठेवलं बे" म्हणत सगळे धावून येतात, यथेच्छ अपमान करतात आणि अपमान करता करताच दुरुस्त करून देतात. त्याबद्दल कुणी आभार मानले तर त्याचा वेगळा अपमान होतो.

बायकोचा या प्रकाराला आधी कडकडीत विरोध होता.

"दुकानात मशीन, घरी मशीन. यातली एकतरी भांडे घासते का जी?"

मग एकदा तिनं केलेल्या लाखोळीच्या डाळीच्या वड्यांचा फोटो मी बोडीवर टाकला. दूरच्या एका थंड देशातल्या बाईनं विचारलं, हे काय आहे आणि मला का मिळत नाही? ही बाई एका प्रचंड मोठ्या सर्व्हरवर राहणारी. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेली. बायकोला हे फार आवडलं. बाईमाणूस बस चालवते, तेही बर्फातून! तिनं स्वतःचं खातं काढून घेतलं. ही झाडीबोलीत लिहिणार, ती तिच्या भाषेत, मधे भाषांतराचं बटण आपल्या परीनं धडपडणार. गुडघे, लोणची, नवरे असे विषय असत. नवऱ्यांचा विषय आला की मला खोलीबाहेर काढत. बायको तिला 'माझी सोयरीण' म्हणू लागली.

दिवाळीच्या जरा आधी सोयरणीनं कळवलं, छातीत गाठ सापडली आहे. ऑपरेशन ठरलंय. गाठ कसली आहे ते काढून तपासल्यावरच समजेल, आणि समजलं की सगळ्यात आधी तुला लिहीन. तेव्हापासून बायकोचा मोबाईल स्वयंपाकाच्या ओट्यावर, मिठाच्या बरणीला टेकून उभा असायचा. मी नुसता हात लावला तरी ओरडायची.

आणि नेमक्या त्याच दिवसांत गुरुजींना मंडईची आठवण झाली.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच. शिंगाडे, ऊस, गोडी शेव, दंडारीचा नाच. पाहुण्यांना बोलावण्याची रीत मात्र कडक. भोंग्यावरून "सगळ्यांनी यावे" असं ओरडलात, तर कुणी येणार नाही. वर वर्षभर ऐकवतील, आम्हाला कुठं सांगितलं? प्रत्येक घरी जाऊन, माणसाचं नाव घेऊन सांगावं लागतं. आणि एकदा सांगून भागत नाही. मंडई जवळ आली की "येताय ना?" म्हणून आठवण द्यावी लागते.

गुरुजी म्हणाले, "आपण बोडीवर नुसती एक पोस्ट टाकून राहिलो. हे बरं दिसते का?"

"नाही दिसत," मी म्हणालो.

गुरुजींनी एक सुबक प्रोग्रॅम लिहिला. सोयरणीच्या त्या प्रचंड सर्व्हरवर जितकी माणसं आमच्या बोडीला दिसत होती, त्या प्रत्येकाला नावानिशी, सहकुटुंब सहपरिवार, मुर्रीच्या मंडईचं आमंत्रण गेलं. मी शुद्धलेखन तपासलं. एका वेलांटीवरून आमचा वादही झाला. दुसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे प्रत्येकाला "येताय ना?" गेलं.

संध्याकाळपर्यंत त्या सर्व्हरनं बंदी घालून आमच्या बोडीचा पाट बुजवून टाकला. कारण लिहिलं होतं: सामूहिक उपद्रव.

बायको ओट्यावरून ओरडली, "अवो, सोयरणीचं पान काऊन दिसून नाही राहिलं?"

गुरुजींना अचानक घरी काम आठवलं. मी त्यांचा सदरा धरून ठेवला. मरायचं तर दोघांनी. सगळं सांगून झालं तेव्हा ती आरडाओरडा करेल अशी आमची तयारी होती. ती नुसती खाली बसली.

"आज तिचं आपरेशन होतं जी," ती म्हणाली.

नंतर गुरुजीच चाचरत म्हणाले, "वहिनी, दुसऱ्या सर्व्हरवर नवीन खातं काढून विचारता येते."

"तिचं खातं अनोळखी माणसाचं काही घेतच नाही. तसंच लावून ठेवलं तिनं. अन् चोरासारखी दुसऱ्याच्या दारातून मी कायले जाऊ? तुमी बंद केलं, तुमीच उघडा."

मी त्या सर्व्हरच्या चालकाला माफीनामा लिहायला घेतला. आमच्या या दुनियेत असली भांडणं उघड्यावर, सगळ्यांसमोर होतात. मी 'तांत्रिक त्रुटीबद्दल दिलगीर' इथवर पोचलो आणि बायकोनं मागून वाचलं.

"त्रुटी? आमंत्रण देलं, त्याले त्रुटी म्हणता? खोडा ते. मी सांगतो तसं लिहा."

मग तिनं सांगितलं आणि मी लिहिलं. आमच्या गावात नाव घेऊन बोलावलं नाही तर माणसाचा अपमान होतो. तुमच्या इतक्या माणसांतलं एकही सुटू नये म्हणून आमच्या दोन शहाण्यांनी हा उद्योग केला. त्रास झाला, ते खरं आहे. पुढे विचारल्याशिवाय करणार नाही. पण तुमच्याकडे माझी सोयरीण आहे, ती आजारी आहे, आणि तिचा निरोप यायचा आहे. शिक्षा द्यायची तर या दोघांना द्या, पाट उघडा.

"दोघांना?" गुरुजी म्हणाले.

"तुमी तं बोलूच नोका."

मंडईच्या आदल्या दिवशी उत्तर आलं. चालकाच्या नावापुढे कोल्ह्याचं चित्र होतं. त्यानं लिहिलं होतं, इतकी वर्षं सर्व्हर चालवतोय, धमक्या आल्या, जाहिराती आल्या, जेवायला बोलावणारे तुम्ही पहिलेच. बंदी उठवली आहे. तो प्रोग्रॅम कृपया पुरून टाका. आणि मंडईला येताना काय घेऊन यायचं असतं?

"काही नको आणू म्हणा," बायको म्हणाली, पण हसली नाही. पाट उघडला होता, पण मधल्या दिवसांतलं सगळं वाहून गेलेलं. तिनं सोयरणीला पुन्हा जोडून घेतलं, एका ओळीत विचारलं, कशी आहेस? रात्री जेवली नाही. सकाळीही मोबाईल गप्पच.

मंडईत आम्ही गेलो ते घरी आलेल्या पाहुण्यांसाठी. मोबाईल तिच्या मुठीत. दंडार ऐन रंगात आली होती, ढोलकी घुमत होती, साडी नेसलेला नाच्या गिरक्या घेत होता, गुरुजी अपराधी चेहऱ्यानं आम्हाला शिंगाडे सोलून देत होते. एवढ्यात तिच्या मुठीत उजेड झाला. तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. मोबाईल माझ्या नाकाला लावून म्हणाली, "हे बरोबर सांगून राहिलं का? बटण खोटं तं नाही बोलत?"

मी वाचलं. गाठ साधी होती. काढून टाकली होती. आता ती घरी बसून चहा पीत होती.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

मग माझ्या बायकोनं भर मंडईत अशी किंकाळी फोडली की ढोलकीवाल्याचा हात हवेत राहिला आणि नाच्या अर्ध्या गिरकीत थांबला. सगळी मंडई तिच्याकडे वळली. तिनं पदरानं डोळे पुसले आणि ओरडली,

"साधी गाठ होती वो, साधी! माह्याकडं काय पाहून राहिले, नाचा ना!"