लायनीवर कोण कोण हाय?

या, असं जवळ या. उंबऱ्यात उभं राहून कुठं बोलायचं असतं का? आणि ते कानातलं काढा बघू आधी. मघापासून बघतेय मी, मीटिंग चालू आहे म्हणता, आपला आवाज बंद करून ठेवता आणि इकडं खुशाल मेथी निवडता. मग शेवटी कुणीतरी म्हणतं, चला, सगळ्यांचं ठरलं, आणि त्यात तुमचंही ठरून जातं. तुम्हाला पत्ता नाही! आमच्या आक्कानं तुम्हाला असं सोडलं नसतं.

"लायनीवर कोण कोण हाय? एकेकानं नाव सांगा."

फोन जोडला की आक्काचं पहिलं वाक्य हे. नमस्कार-चमत्कार नंतर.

आमचा उचगावात बायकांचा शिवणाचा गट आहे. अकराजणी आहोत, शाळेची दप्तरं शिवतो. माल घेणारी कंपनी पुण्याची. दर मंगळवारी अकरा वाजता त्यांचा कॉन्फरन्स कॉल यायचा. तिकडून साहेब आणि त्यांचे गोदामवाले, इकडून आम्ही. सुरुवातीला तो कॉल कसला, लक्ष्मीपुरीतला बाजारच! साहेब काहीतरी सांगतायत, चौघी एकदम ओरडतायत, मागं मशिनी धडधडतायत. फोन ठेवल्यावर आम्ही एकमेकींना विचारायचो, काय गं म्हणाले ते?

आक्का कबनूरची. जन्म सगळा यंत्रमागावर गेला. नवरा वारल्यावर भावाजवळ उचगावात आली आणि आमच्या गटात बसली. पहिल्याच मंगळवारी बाई उठली आणि तिनं मेन स्विच खाली ओढला. मशिनी बंद, पंखे बंद. फोन एका रिकाम्या स्टीलच्या पातेल्यात उभा केला, आवाज घुमावा म्हणून. आणि म्हणाली, "आता बोला. एका वेळी एकच. नाव सांगून."

साहेब एकदा विसरले. सरळ बोलायलाच लागले.

"कोण बोलतंय?"

"अहो आक्का, मीच."

"मीच म्हंजे कोण? हितं सगळ्याच मीच हाईत!"

गोदामवाल्यांना हायवेवरच्या गर्दीचं पुराण सांगायची फार हौस. आक्का मधेच तोडायची. "पावणं, गर्दी ऱ्हाऊ दे. चेनीचा माल निघाला का न्हाय, तेवढं सांगा." त्यांनाही राग यायचा नाही. हसून म्हणायचे, निघाला, आक्का, निघाला.

आमच्यावर तर तिचा जास्तच दरारा. आदल्या दिवशी चहा पिताना विचारायची, "उद्या काय मागायचं? तीन गोष्टी ठरवा. चौथी फोनवर आठवली तर गिळायची." आणि कॉल संपता संपता, काय ठरलं ते मला वहीतून मोठ्यानं वाचायला लावायची. मग एकेकीचं नाव घ्यायची. जिचं नाव येईल तिनं व्हय तरी म्हणायचं, नाहीतर न्हाय तरी. कुणी नुसती मान हलवली की आक्का खेकसायची, "मान पुण्याला दिसत न्हाय. गप बसणं म्हंजे व्हय न्हवं!"

मला वाटायचं, किती हा हुकूम गाजवायचा माणसानं.

मग तो मंगळवार आला. साहेबांनी गोड आवाजात सांगितलं, आता कापड पुण्यातच मशीनवर कापून येईल, तुम्ही फक्त शिवा. आमच्यात शेवंता आणि आणखी तिघी कापायच्या. शिवायच्या मशिनी सातच. म्हणजे चौघींना घरी बसवायचं, असा त्याचा सरळ अर्थ. आम्ही सगळ्या गार पडलो. साहेब म्हणाले, "तर मग सगळ्यांचं एकमत आहे. मी मेल टाकतो."

"थांबा साहेब. हजेरी न्हाय झाली."

"आक्का, मला पुढचा कॉल आहे."

"त्यो थांबंल. मघाशी नावं तिघांचीच आली, आन् हितं फोनवर चार आकडा दिसतोय. आम्ही एक, तुम्ही दोन, गोदामवाले तीन. चौथं कोण हाय?"

तिकडून एका बाईचा आवाज आला. कंपनीच्या मोठ्या बाई होत्या, बेंगळुरूहून मुकाट्यानं ऐकत बसलेल्या. साहेब चिडले. म्हणाले, "मॅडम, या आक्कांना नीट ऐकू येत नाही, म्हणून इतका वेळ जातो. पुढच्या वेळी दुसरं कुणीतरी बसवू."

खरं सांगते, आम्हाला तोवर कळलंच नव्हतं. मागाच्या खडखडाटानं तिचा डावा कान कधीच गेला होता, उजवाही निम्माच राहिला होता. म्हणून ते नाव सांगणं, म्हणून तो स्विच. परक्या माणसानं फोनवरून ओळखलं आणि आम्ही रोज मांडीला मांडी लावून बसणाऱ्या! माझ्या हातातली पेन्सिल थांबली.

आक्का नाही थांबली. "व्हय, मला येत न्हाय ऐकू. म्हणून तर इचारतो. तुमास्नी येतंय न्हवं? मग ऐका आता. शेवंता?"

"न्हाय."

पुढची न्हाय. त्याच्या पुढची न्हाय. मी पण म्हटलं. शेवटी आमच्या अध्यक्षीणबाई राहिल्या. त्या पुटपुटल्या, "आक्का, सगळंच काम जाईल हो."

"गेलं तर जाऊ दे. पर आमी व्हय म्हटलं असं त्यांच्या कागदावर जाऊ देणार न्हाय."

अध्यक्षीणबाईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "न्हाय."

मग मोठ्या बाईंनी अडखळत्या मराठीत विचारलं, मशीन भराभर कापतं, तुमच्या हातात जास्त काय आहे? आक्कानं शेवंताला पुढं ढकललं. शेवंता जन्मात फोनवर दोन शब्दांपलीकडं बोलली नव्हती. पातेल्यात तोंड घालून म्हणाली, "मी शेवंता बोलतोय. तुमचा तागा कधी सरळ नसतोय. मी आधी हात फिरवून बघतो, मगच कात्री लावतो. तिरकं कापलं तर दप्तराचा पट्टा पिळतोय, पोराच्या खांद्याला काचतोय. मशीन कुठनं हात फिरवणार?"

"मी गोदामवाला बोलतोय," तिकडून आवाज आला. "उचगावचं दप्तर पट्ट्यासाठी एकदाही परत आलेलं नाही."

मोठ्या बाई म्हणाल्या, कापण्याचं काम उचगावातच राहू दे.

"नाव सांगून परत एकदा म्हणा," आक्का म्हणाली. आम्ही पदर तोंडात कोंबले. पण त्या बाईंनी नाव सांगितलं, आणि परत म्हटलं. मी लिहून घेतलं.

पुढच्या वर्षी आक्काचा उजवा कानही गेला. एका मंगळवारी पातेल्यावर वाकून वाकून दमली, मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "आता तू इचार." आता ती मलकापूरला लेकीकडं असते. पुण्याला नवे साहेब आलेत. सगळ्यांनी आपापले आवाज बंद ठेवा म्हणतात. आम्ही नाही ठेवत. चौघी कापायला आहेत, कात्रीचा आवाज जातो फोनमधून. जाऊ दे की.

आक्काला फोन लावून उपयोग नाही. समोरच जाऊन बसावं लागतं. ती ओसरीवर असते, आम्हाला बघून सरकून जागा करते आणि एकेकीच्या ओठांकडं टक लावून बघते. तुमचं तिला किती सांगितलंय मी! या रविवारी सकाळच्या एस.टी.नं निघतोय आम्ही. तुम्ही शनिवारीच मुक्कामाला या आमच्याकडं. नंतर बघू म्हणू नका, लवकर या.