शेपटीजवळचा छोटा पर

लग्नाला सतरा वर्षं झाली, पण मला मासे कळतात हे माझ्या सासऱ्यांना अजून मान्य नाही.

तसं त्यांचं बरोबरच आहे. ते अलिबागचे, मी साताऱ्याच्या शाकाहारी घरातला. लग्नाआधी मी मासा फक्त फिशटँकमध्ये बघितलेला! अण्णांनी (सासऱ्यांना आम्ही सगळे अण्णाच म्हणतो) मला बाजारात नेऊन शिकवलं: डोळे बघा, कल्ले लाल आहेत का बघा, बोटाने दाबा, आणि मुख्य म्हणजे मासा कुठे तुटकाफुटका नाही ना, ते बघा. मी सगळं पाठ केलं. पण मी मासा निवडला, की अण्णा तो शांतपणे उचलून परत टोपलीत ठेवायचे.

म्हणून गेल्या हिवाळ्यात सासूबाई आणि ते आमच्याकडे अमेरिकेत, बॉथेलला आले, तेव्हा मी जाहीरच केलं, "अण्णा, या खेपेला विकतचा मासा नाही. मी स्वतः स्टीलहेड पकडून खायला घालणार!"

स्टीलहेड म्हणजे समुद्र फिरून हिवाळ्यात नदीत परतणारा ट्राउट जातीचा मासा. हातभर लांब, चंदेरी आणि कमालीचा आखडू. चार रविवार मी बर्फासारख्या पाण्यात कमरेपर्यंत उभा राहिलो. पकडलं काय? सर्दी! सासूबाई दर रविवारी सकाळी आशेने वाटण वाटायच्या आणि संध्याकाळी त्यात मुकाट्याने अंडी सोडायच्या.

पाचवा रविवार शेवटचा. मंगळवारी त्यांचं विमान होतं.

"आज मी पण येतो," अण्णा म्हणाले. कानटोपी, दोन स्वेटर, त्यावर माझं जॅकेट, असे ते नदीकाठी फोल्डिंग खुर्चीत बसले. माझी लेक इरा, वय वर्षं चौदा, हीसुद्धा आली होती. पाच मिनिटांत "इट्स फ्रीझिंग, बाबा!" म्हणून तिने गाडी गाठली.

आणि तासाभरात गळाला हिसका बसला!

"अण्णाऽऽ!"

"ओरडताय काय? ओढा! अहो, सैल सोडा जरा! आता ओढा!"

दहा मिनिटांच्या झटापटीनंतर मासा जाळीत आला. अण्णा खुर्ची सोडून उठले. आता आपली परीक्षा आहे, हे मी ओळखलं.

डोळे? चकचकीत. कल्ले? लाल. (जिवंत माशाचे कल्ले लाल असणारच, पण शिस्त ती शिस्त!) मग माझी नजर पाठीवर गेली. शेपटीजवळ एक छोटा पर असतो, तो गायब!

"अण्णा, हा नको," मी जाणकार आवाजात म्हणालो. "याचा पर तुटलाय. डागी माल आहे."

अण्णांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास, जावईबापू! आता तुम्हाला मासा कळायला लागला!"

सतरा वर्षांनी! माझे डोळेच भरून आले. त्याच भरात मी गळाचा आकडा काढला आणि मासा उदार मनाने सोडून दिला.

नशीब बघा, अर्ध्या तासात दुसरा लागला. पहिल्याहून मोठा, सगळे पर जागच्या जागी.

"बघा अण्णा, अख्खा!"

"वा! डोक्याचं कालवण, मधल्या तुकड्या तळायच्या," अण्णा काठावरूनच स्वयंपाकाला लागले. तेवढ्यात इरा पळत आली.

"बाबा, डोन्ट लिफ्ट इट! दॅट्स वाइल्ड!"

"म्हणजे?"

"त्याला तो शेपटीजवळचा छोटा फिन आहे ना? मग तो नदीतला, ओरिजिनल. यू हॅव टू लेट हिम गो! हॅचरीत, म्हणजे टँकमध्ये वाढवलेले असतात ना, त्यांचा फिन ते छोटे असतानाच कापतात, मार्क करायला. फक्त तेच घरी नेता येतात. रूल्समध्ये आहे सगळं. यू डिडंट रीड?"

(नियमांची पुस्तिका मी डाउनलोड केली होती. वाचली असं मी कुठे म्हटलंय?)

आकडा सुटताच दुसरा मासाही माझ्या तोंडावर पाणी उडवून निघून गेला. अण्णांनी हळूच विचारलं, "म्हणजे तो पहिला...?"

"तो चालला असता, अण्णा."

"आणि मी शाब्बास म्हटलं तुम्हाला!"

मग ते हसायला लागले. कानटोपी घसरेपर्यंत हसले. इरा हसली, शेवटी मीही हसलो. नाक गळत होतं, हातात काही नव्हतं, पण खरं सांगतो, त्या नदीवर इतका मजेत मी कधीच नव्हतो.

येताना दुकानातून मासा घेतला. (डोकं, कल्ले, पर, सगळं आधीच काढलेलं. मला चुकायला जागाच ठेवली नव्हती!) सासूबाईंचं वाटण एकदाचं सार्थकी लागलं. जेवून अण्णांनी अलिबागला मित्राला फोन लावला.

"अरे, जावयांनी दोन पकडले! हे एवढे, हातभर! खाल्ले? छे रे, सोडून दिले दोन्ही. मोठं मन लागतं त्याला!"

मला अगदी कृतार्थ वाटलं. फोन ठेवून अण्णा माझ्याकडे वळले.

"हे झालं बाहेर सांगायला. बाजारात मात्र यापुढे मासा मी निवडणार. तुम्ही नुसती पिशवी धरायची."

पिशवी मी उत्तम धरतो. सासूबाईसुद्धा तसं म्हणतात!